मे महिन्यातले मालवण : नागपूरहून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

विदर्भातल्या शाळांची उन्हाळी सुटी राज्याच्या इतर भागांपेक्षा लांब असते, कारण जूनचा मध्य आला तरी आपल्याकडचे ऊन उतरत नाही. या सुटीच्या भरवशावर नागपूरची अनेक कुटुंबे एप्रिल-मे लग्नकार्यांत घालवतात आणि कोकणचा बेत जूनवर ढकलतात. तिथेच सगळे बिघडते. दक्षिण कोकणात मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. नागपूरला तो यायला आणखी आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आपण घरी अजून कुलरमध्ये पाणी भरत असतो, तेव्हा मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून, झाकून ठेवलेल्या असतात. यांत्रिक नौकांच्या मासेमारीला राज्यात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ तर त्याच्याही आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यापासून थांबतात, ते थेट ऑगस्ट सरेपर्यंत.

तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्याने २० एप्रिल ते २० मे हा महिना धरावा. या दिवसांत हापूस भरात असतो, करवंदे आणि फणस असतात, ताजी मासळी मिळते आणि समुद्र बहुतेक दिवस शांत असतो. दुसरी गोष्टही सुरुवातीलाच सांगून टाकतो. आठ दिवस हातात असतील, तर ते रत्नागिरी, गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली आणि गोवा असे वाटून टाकू नयेत. एकाच गावी मुक्काम करावा आणि त्या गावाचा दिवस समुद्र ठरवतो तसा आपलाही ठरू द्यावा. पुढे जे लिहिले आहे ते मालवण डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे, पण वेंगुर्ले किंवा देवगड निवडणाऱ्यांनाही त्यातले बहुतेक उपयोगी पडेल.

पोहोचायचे कसे

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचे असेल, तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिकिटे काढायला बसावे लागते. कोकण रेल्वेच्या उन्हाळी गाड्यांत मुंबईचे चाकरमानी आधीच जागा धरून असतात, त्यामुळे इथे दिरंगाई परवडत नाही. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी सोयीची आहे, कारण ती वर्धा, अकोला, नाशिक, कल्याण, पनवेल या मार्गाने थेट कणकवली आणि कुडाळला नेते आणि मध्ये सामान बदलावे लागत नाही. ती रोज धावत नाही आणि विशेष गाड्यांचे वेळापत्रक बदलत राहते, म्हणून आधी दिवस तपासून मगच रजा टाकावी. ती मिळाली नाही, तर विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोने सकाळी मुंबई गाठावी आणि रात्रीच्या कोकणकन्या किंवा तुतारी एक्सप्रेसने पुढे जावे. मधला दिवस मुंबईत नातेवाइकांकडे काढता येत असेल तरच हा मार्ग सुखाचा आहे.

उतरावे कुडाळला. तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटर आहे. एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. रात्री-अपरात्री गाडी पोहोचणार असेल, तर मुक्कामाच्या घरमालकांनाच रिक्षा सांगून ठेवायला सांगावे. ते आनंदाने सांगतात, आणि भाड्यावरून घासाघीसही टळते.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना समृद्धी महामार्गाचा मोह होतो. पण मालवण मुंबईच्या पुष्कळ दक्षिणेला आहे. त्यापेक्षा यवतमाळ, नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असे जाऊन फोंडा घाटाने उतरणे मला अधिक पटते. हे अंतर एका दिवसात कापू नये. सोलापूर किंवा कोल्हापूरला मुक्काम करावा आणि घाट दिवसाउजेडी उतरावा.

मुक्काम कोणाकडे करावा

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात घरगुती न्याहारी-निवासाच्या खोल्या पुष्कळ आहेत. मोठ्या रिसॉर्टपेक्षा मी नेहमी याच सुचवतो, कारण आपल्याला स्थानिक जेवण हवे आहे आणि ते घरच्या चुलीवरच खरे मिळते. खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: जेवण घरातच बनते का, आपण बाजारातून आणलेली मासळी करून देतात का, आणि खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत का. तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व तिथे गेल्यावर पहिल्याच रात्री कळते. मालवण गावात राहिल्यास बाजार, बंदर आणि एसटी स्टँड पायी अंतरावर पडतात. तारकर्ली-देवबागेत राहिल्यास दारात वाळू असते, पण प्रत्येक कामासाठी रिक्षा लागते. लहान मुले असतील तर तारकर्ली, आणि खाण्यात जीव असेल तर मालवण गाव, असे माझे मत आहे.

ऊन तेच, उन्हाळा वेगळा

पंचेचाळीस अंश सोसणारा नागपूरकर मालवणच्या तेहतीस-चौतीस अंशांना हसतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निपचित पडतो. यात नवल काही नाही. आपली हवा कोरडी असल्याने घाम आला तसा उडतो आणि उडताना अंग गार करतो. सावलीत गेले, पाणी प्यायले, की जीव थाऱ्यावर येतो. समुद्रकाठच्या हवेत आधीच इतका दमटपणा असतो की घाम उडत नाही, अंगावरून नुसता निथळतो. शरीरातले पाणी आणि मीठ मात्र तितकेच, किंबहुना जास्त जाते. कुलर तिथे कुचकामी ठरतो तोही याच कारणाने, कारण त्याचे सारे काम पाणी कोरड्या हवेत उडवण्यावर चालते. म्हणून खोलीत पंखा आणि वारा आरपार खेळेल अशा खिडक्या पाहायच्या. अगदीच सोसत नसेल तर रात्रीपुरते एसी.

नागपूरच्या काही सवयी तिथे तशाच चालवाव्यात. डोक्याला शेला किंवा दुपट्टा, खिशात कांदा असो वा नसो पण पिशवीत पाण्याची बाटली, आणि बारा ते चार घराबाहेर पाऊल नाही, ही शिस्त तिथेही सोडू नये. वाळूवरचे आणि पाण्यावरून परतणारे ऊन चेहरा दोन तासांत भाजून काढते. काही सवयी बदलाव्या लागतात. आपल्याकडे लू लागू नये म्हणून अंगभर जाड कपडे घालण्याची पद्धत आहे. तिथे जीन्स आणि जाड कापड घामोळ्यांना आमंत्रण देते. पातळ सुती कपडे घ्यावेत, नेहमीपेक्षा दोन जोड जास्त घ्यावेत, आणि ओला पंचा रात्रीत वाळेल अशी आशा धरू नये. पन्ह्याची जागा कोकम सरबताने आणि शहाळ्याच्या पाण्याने घ्यावी. मीठ घातलेली पातळ सोलकढी किंवा सकाळची भाताची पेज, सोबत लोणचे, हा उपायही उत्तम. कोकणातली माणसे उन्हाळ्यात पेज पितात त्याला सोय आणि शहाणपण दोन्ही आहे.

दिवसाचे घड्याळ

समुद्रकाठी राहायचे म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा माहीत हव्यात. त्यासाठी मोबाइलही चालतो, पण आपल्या घरात टांगलेली दिनदर्शिका पुरते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. शुद्ध असो की वद्य, अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी सव्वाअकराला भरती आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ओहोटी. दररोज ही वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. हिशेब स्थूल आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण दिवस आखायला तेवढे पुरे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, पाणी वर खूप चढते आणि खालीही खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी असतो.

याचा उपयोग काय? संध्याकाळी ओहोटी असेल असे दिवस निवडले, तर वाळूचा पट्टा रुंद आणि घट्ट मिळतो. मुलांना खेळायला, म्हाताऱ्या माणसांना चालायला त्यासारखी जागा नाही. चिवला किनाऱ्याकडे आणि रॉक गार्डनजवळ खडक उघडे पडतात, त्यांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात लहान मासे, खेकडे, शंख दिसतात. पायांत रबरी चप्पल मात्र हवी, कारण खडकांवर चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. डुंबायला उतरायचे ते पाणी चढत असताना. ओहोटीला पाणी आत ओढते. अंबाझरी-फुटाळ्याच्या काठी वाढलेल्या आपल्या मुलांना साचलेले पाणी माहीत असते, ओढणारे पाणी माहीत नसते, म्हणून हा नियम त्यांना खोलीतच समजावून सांगावा. कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि देवबागेला जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे तर पोहणाऱ्यानेही उतरू नये. मेचा मध्य उलटला की लाटांचा रंग बदलतो. किनाऱ्यावरचा मच्छीमार "आज नको" म्हणाला तर त्याचे ऐकावे, त्याला कारण विचारत बसू नये.

वाऱ्याचेही वेळापत्रक असते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो; दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तो चारनंतर खरा सुखावतो. एकूण दिवस असा बसतो: सकाळी सहा ते नऊ बाहेर, दुपार झोप आणि गप्पा, चार ते आठ पुन्हा बाहेर. नागपूरच्या मे महिन्याचे वेळापत्रकही याहून फार निराळे नाही, त्यामुळे ते अंगवळणी पडायला वेळ लागत नाही.

रापण आणि मासळी बाजार

या साऱ्या मुक्कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती किनाऱ्यावरची सकाळ. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर, तारकर्ली-देवबागला किंवा आचऱ्याला नशीब असेल तर रापण ओढताना पाहायला मिळते. होडी किनाऱ्यावरून दोरीचे एक टोक मागे ठेवून निघते, समुद्रात अर्धवर्तुळ काढत लांबच लांब जाळे सोडते आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर पुन्हा काठाला लागते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि दोर कमरेशी घेऊन, पावलापावलाने मागे सरत, जाळे ओढू लागतात. यात घाई नसते. तासाहून अधिक वेळ सहज जातो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात, आणि जाळ्याचा मधला खोळ उथळ पाण्यात आला की पाण्याला एकदम चंदेरी उकळी फुटते. रापण हा अनेक कुटुंबांच्या भागीचा धंदा आहे, मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. तेव्हा बघ्याने दोन दोरांच्या मध्ये उभे राहू नये, जाळ्यावर पाय देऊ नये, आणि हात लावायचाच असेल तर आधी विचारावे. विचारले, तर बहुधा मुलांनाही दोर धरू देतात.

बाजारात जाण्याची वेळ घरमालकांना विचारून घ्यावी, कारण होड्या केव्हा लागतात यावर ती ठरते. लिलाव घाऊक घेणाऱ्यांसाठी असतो. आपण तो बाजूला उभे राहून पाहावा आणि खरेदी विकायला बसलेल्या बायकांकडून करावी. तिथे काकी, वहिनी, मावशी अशी हाक मारावी. आपले नेहमीचे भाऊ आणि दादा होडीवाल्यांसाठी चालतात. लहान मासे वजनावर नव्हे तर वाट्यावर मिळतात, मोठे नगावर किंवा किलोवर. भाव विचारल्यावर थोडी घासाघीस रीतीची असते, पण "आमच्या नागपुरात रोहू इतक्याला मिळतो" असा दाखला देऊ नये, त्याला तिथे काही अर्थ नाही.

ताजेपणाची परीक्षा गोड्या पाण्याच्या माशांसारखीच असते, फक्त मेच्या उन्हात ती अधिक काटेकोरपणे करावी लागते. कल्ल्याची झाकण उचलून पाहावी, आत लालभडक असेल तर मासा ताजा. तपकिरी, चिकट असेल तर पुढे जावे. डोळा फुगीर आणि नितळ हवा. बोटाने दाबल्यावर मांस उसळून वर यावे. बांगडा डोक्याकडून आडवा धरला तर ताठ राहतो. शेपूट लोंबली तर तो कालचा समजावा. तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपल्या, मिटलेल्या घ्याव्यात. उघड्या असलेल्या बोटाने टिचकी मारल्यावर मिटत नसतील तर त्या टाकाव्यात. कोळंबीचे डोके घट्ट असावे. खेकडा आकारापेक्षा वजनाने पारखावा, हातात घेतल्यावर जड लागला की आत मांस आहे. शिंपल्यांचे कोणतेही प्रकार दुपारी उरलेले घेऊ नयेत. मासे घेऊन सरळ घरी जावे. वाटेत किल्ला, वाटेत सरबत, हे नको. साफ करून, तुकडे करून देणाऱ्या बायका बाजारातच असतात, त्यांना वेगळे पैसे द्यावे लागतात आणि ते सत्कारणी लागतात.

ताटात काय, कोणत्या क्रमाने

सावजी जेवणावर वाढलेल्या जिभेला मालवणी जेवण सुरुवातीला सौम्य वाटेल. आपल्याकडे रश्श्याची ताकद खड्या मसाल्यांत आणि वर तरंगणाऱ्या तर्रीत असते. मालवणात ती ओल्या नारळात, कोकमाच्या आंबटपणात आणि मासळीच्या स्वतःच्या चवीत असते. म्हणून पहिल्याच दिवशी जास्त तिखट करायला सांगू नये. दोन दिवस जिभेला द्यावेत.

समुद्राची मासळी फारशी न खाल्लेल्यांनी सुरमईच्या तळलेल्या तुकडीपासून सुरुवात करावी. तिला काटे कमी, मांस घट्ट. हळद, मसाला आणि कोकम लावून, तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून ती तव्यावर तळतात. स्थानिक लोक तिला इसवण म्हणतात, फलकावर तसे लिहिलेले असले तर गोंधळू नये. दुसऱ्या दिवशी बांगडा घ्यावा, आणि तो तिखल्याच्या रूपात: लसूण, मिरची, कोकम आणि थोडी ठेचलेली तिरफळे घालून केलेला, अंगाबरोबर रस असलेला. तिरफळाने जीभ किंचित झिणझिणते. हे पहिल्यांदा खाणाऱ्याला दचकवते, पण बांगड्याच्या तेलकट चवीला त्याच्यासारखा जोडीदार नाही. फळाची टरफले चावायची नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. मग तिसऱ्यांचे सुके, कोळंबीची आमटी आणि शेवटी कुर्ल्यांचे, म्हणजे खेकड्यांचे सार, या क्रमाने जावे. कुर्ल्या हाताने फोडून, चोखून खायच्या असतात, त्यासाठी अर्धा तास आणि जुने कपडे हवेत. ज्यांनी शिंपले-खेकडे कधीच खाल्लेले नाहीत, विशेषतः मुलांनी, पहिल्या वेळी दोन घासच खावेत. काहींना त्यांची ॲलर्जी असते आणि ती आधी कळत नाही.

सोमवारी मासळी न खाणारी घरे तिथे पुष्कळ आहेत, आणि घरगुती खाणावळीत त्या दिवशी शाकाहारी बेतच असू शकतो. ही अडचण मानू नये. काळ्या वाटाण्यांचे सांबारे आणि आंबोळी हा बेत मी मासळीच्या बरोबरीने मानतो. भाजलेल्या ओल्या-सुक्या खोबऱ्याच्या वाटणात शिजलेले काळे वाटाणे दाट आणि खमंग लागतात. आपल्या पाटोडी रश्श्यावर प्रेम करणाऱ्याला ते हमखास आवडतील. घावणे आणि नारळाची चटणी न्याहारीला मागावी. एप्रिलच्या अखेरीस पोहोचलात तर ओल्या काजूगरांची उसळ मिळण्याचा संभव असतो. मेच्या मध्यानंतर तो हंगाम सरतो. कच्च्या फणसाची भाजी असतेच. गोडात शिरवाळे सांगावेत: तांदळाच्या उकडीच्या, साच्यातून पाडलेल्या शेवया गुळाच्या नारळरसात बुडवून खातात. खापरोळीही तशीच, जाड आणि जाळीदार, रसात भिजलेली. हे पदार्थ रोज होत नाहीत, आदल्या दिवशी सांगावे लागते. कोंबडी-वडे मात्र कुठेही आणि कधीही मिळतात, म्हणून पहिल्या दोन दिवसांत त्यांच्यावर भूक खर्च करू नये.

जेवणाच्या शेवटी सोलकढी. ती भातावरही घेतात आणि वाटीतूनही पितात.

आंबे, फणस, रातांबे

देवगड मालवणचा शेजारचा तालुका आहे आणि हापूसला २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात सिंधुदुर्ग जिल्हा येतो. आंबा रस्त्याकडेच्या दुकानातून न घेता शक्यतो बागायतदाराच्या घरून, आढीतून घ्यावा. घरमालक अशी दोन-तीन घरे सांगू शकतात. गवतात पिकलेल्या हापूसचा सुगंध देठाजवळ आधी येतो आणि रंग एकसारखा पिवळा नसतो. सगळा आंबा पिवळाधमक आणि वास काहीच नाही, तर तो कृत्रिमरीत्या पिकवलेला असण्याचा संशय घ्यावा. कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा भाग निघाला तर त्याला साका म्हणतात. तो बाहेरून कोणालाच ओळखता येत नाही, तेव्हा विकणाऱ्याशी भांडू नये. मे सरत येतो तसे भाव उतरतात, हे लक्षात ठेवून पहिल्याच दिवशी पेटी बांधू नये.

फणस खाताना कापा की बरका हे विचारावे. काप्याचे गरे घट्ट आणि कुरकुरीत, बरक्याचे मऊ, रसाळ आणि घशातून सरळ उतरणारे. पहिल्यांदा खाणाऱ्याला कापा बरा. करवंदे पळसाच्या किंवा कुठल्याही पानाच्या द्रोणात मिळतात. खाऊन हात चिकट होतात, तेवढे सोसावे.

याच दिवसांत अंगणांत रातांबे फोडण्याचे काम चालू असते. लालभडक फळाची साल काढून, मीठ घातलेल्या त्याच्याच रसात बुडवायची आणि उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. असे अनेकदा केल्यावर काळपट कोकम तयार होते. जवळच मसाल्याच्या मिरच्या, साटे घातलेली आंबापोळी आणि फणसपोळी, सुकत घातलेला जवळा. पावसाळ्याची ही सारी बेगमी पाहताना आपल्या गच्चीवरच्या कुरडया, सरगुंडे आणि सांडगे आठवल्याशिवाय राहत नाहीत. विचारले तर बायका मोकळेपणाने कृती सांगतात. अशा एखाद्या अंगणात घालवलेला तास मला कोणत्याही जलक्रीडेपेक्षा मोठा वाटतो.

पाहण्याची ठिकाणे

ती थोडी आणि निवांतपणे पाहावीत. सिंधुदुर्ग किल्ला चुकवू नये. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू केले आणि १६६७ मध्ये ते पूर्ण झाले. चहूकडे खारे पाणी असताना आतल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. सकाळच्या पहिल्या होडीने जावे, कारण दहानंतर तटावर सावली नसते. नावाडी परतीची वेळ सांगतो, ती पाळावी. आत आजही काही कुटुंबे राहतात. त्यांच्या अंगणात विचारल्याशिवाय शिरू नये.

एक संध्याकाळ धामापूरच्या तलावाला द्यावी. सोळाव्या शतकातला, सन १५३० च्या सुमाराचा हा तलाव २०२० साली जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत गेला. काठी भगवतीचे देऊळ आहे आणि दाट झाडी. रामटेक-खिंडसीच्या काठी रमणाऱ्या माणसाला इथून उठवत नाही. आसपासच्या गावात दशावताराचा खेळ असल्याचे कळले, तर रात्रीची झोप सोडून जावे. दशावताराचा हंगाम मेपर्यंतच चालतो.

परतीचे सामान

मालवणच्या बाजारातून काय आणावे, याची यादी लांब होऊ शकते. मी चारच गोष्टी सांगतो. गूळ-आल्याचा पाक चढवलेला मालवणी खाजा, काजूगर, घरगुती मालवणी मसाला आणि कोकमाचे आगळ, म्हणजे मीठ घातलेला दाट रस. आगळ घेताना बाटली नीट वाचावी, कारण त्याच आकाराच्या बाटलीत साखर घातलेले सरबताचे कोकमही मिळते आणि घरी आल्यावर सोलकढी गोड होते. सुकी मासळी आणायची असेल, तर घट्ट झाकणाच्या डब्यात, तो डबा पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, एवढी काळजी घ्यावी. रेल्वेच्या डब्यातल्या सहप्रवाशांना आपल्यासोबत एक संपूर्ण दिवस काढायचा असतो.

आंबे अर्धे पिकलेले नव्हे, तर तयार पण कच्चेच आणावेत. नागपूरच्या चव्वेचाळीस अंशांत ते कोकणापेक्षा लवकर पिकतात. पेटी घरी आल्या दिवशीच उघडावी, वाटेत दबलेले आंबे बाजूला काढावेत आणि बाकीचे घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीवर गवत किंवा वर्तमानपत्र पसरून, एकमेकांना न टेकता मांडावेत. कुलरच्या झोतासमोर ठेवू नयेत, ओल्या हवेने ते डागाळतात. कच्चे आंबे फ्रीजमध्ये ठेवले तर नीट पिकत नाहीत. पिकल्यावर ठेवायला हरकत नाही. खाण्याआधी तासभर पाण्यात घालावेत.

सोलकढीसाठी एका नारळाच्या दाट आणि पातळ दुधाला चार-पाच मोठे चमचे आगळ पुरते. त्यात लसणाच्या दोन-तीन पाकळ्या आणि एखादी हिरवी मिरची वाटून गाळून घालावी, वर कोथिंबीर. आगळात मीठ असतेच, म्हणून चव घेऊनच वरून मीठ घालावे. ती तापवायची नसते. आपल्याकडच्या उन्हात नारळाचे दूध दोन-तीन तासांत उतरते, तेव्हा पाहुणे पानावर बसण्याच्या बेतात असतानाच ती करावी आणि उरवू नये.